ब्रह्मपुरीची सहल आणि आमची वसाहत

यंदाची सहल पन्हाळ्याला नाही, असं सांगितल्यावर पाचवीचा वर्ग इतका गप्प झाला की मुख्याध्यापक मागं येऊन उभे राहिलेत की काय म्हणून मी वळून बघितलं. पन्हाळा नाही, जोतिबा नाही, रंकाळ्यावरची भेळसुद्धा नाही. सकाळी टाऊन हॉलचं म्युझियम, तिथून ब्रह्मपुरी आणि जेवणानंतर कणेरी मठ. "ब्रह्मपुरी म्हंजे ती नदीकडची?" मागच्या बाकावरून आवाज आला. "तितं काय हाय बघायला?"

त्याच संध्याकाळी एका पालकांचा फोन. "बाई, आम्ही ब्रह्मपुरीतच ऱ्हातोय की. आता पैसे भरून पोराला आमच्याच गल्लीत न्यायचं व्हय?"

म्हटलं, "तुमच्या गल्लीच्या खाली काय आहे ते दाखवायला नेतोय."

ते क्षणभर थांबले. "खाली ड्रेनेज हाय," म्हणाले, आणि हसले. पैसे मात्र दुसऱ्या दिवशी पोराच्या हाती आले.

सहल अशी का ठरली, त्याला कारण एक प्रश्न. पाचवीच्या परिसर अभ्यासात माणूस पाच-सहा धड्यांत गुहेतून बाहेर येतो, दगडाला धार काढतो, बी पेरतो, झोपडी उभारतो आणि गाव वसवतो. लाखो वर्षांची ही वाटचाल आम्ही घाईघाईनं संपवतो, कारण परीक्षेला तेवढा भाग असतो. यंदा गाव-वसाहतींचा धडा चालू असताना एका मुलानं हात वर केला. हा मुलगा एरवी फक्त पाणी प्यायला जाण्यासाठी हात वर करतो. तो म्हणाला, "बाई, पयल्यांदा जी माणसं आली, त्यांना कसं कळलं की हितंच थांबायचं?"

मी उत्तर दिलं. पाणी, सुपीक जमीन, जनावरांना चारा. त्यानं ते वहीत उतरून घेतलं, पण पटल्याचं काही तोंडावर दिसलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पटलं नव्हतं. हे उत्तर 'अशी जागा चांगली' एवढंच सांगतं. 'कसं कळलं' हे त्यात कुठं येतं?

जानेवारीतली गारठ्याची सकाळ होती. सेहेचाळीस मुलं, आम्ही दोघी शिक्षिका आणि शिपाईमामा. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरची रांग, त्यातून ऊस ओढायचा की नाही यावर बसमध्ये रणकंदन. टाऊन हॉलच्या बागेत शिरल्यावर पोरं आधी तोफेवर चढली, मग उतरवली गेली. १८७२ ते १८७६ या काळात बांधलेली, टोकदार मनोऱ्यांची ही इमारत कोल्हापूरकर रोज बघतात, आणि बाहेरूनच बघतात. आत शेवटचं कधी गेला होता असं कुणालाही विचारा, शाळेच्या सहलीला असंच उत्तर येईल.

आत ब्रह्मपुरीत सापडलेल्या वस्तू आहेत. त्यांत सगळ्यांचं लक्ष जातं ते पोसायडनच्या मूर्तीकडं. वीतभरही नाही ती. ग्रीकांचा समुद्रदेव, काशाच्या धातूत घडवलेला, दाढीवाला, अंगानं पीळदार. खासबागच्या कुस्ती मैदानाच्या गावातली पोरं ही, उघड्या अंगाचा भरीव माणूस दिसला की एकच ओळख.

"पैलवान!"

"लंगोट न्हाय ओ बाई!"

मग जे खिदळणं सुरू झालं ते आवरायला म्युझियमच्या शिपायाला यावं लागलं. मी तो गोंधळ थोडा चालू दिला. १९४० च्या दशकात, राजाराम कॉलेजचे प्रा. कुंदनगार यांनी उजेडात आणलेल्या काशाच्या वस्तूंच्या साठ्यात ही मूर्ती होती, आणि समुद्रापासून इतकं आत, सह्याद्री चढून, ती पंचगंगेच्या काठाला आली होती. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी रोमन साम्राज्याशी आपला व्यापार चालायचा, जहाजं पश्चिम किनाऱ्याला लागायची आणि माल घाटवाटांनी वर यायचा, हे पुस्तकातलं वाक्य मी किती वेळा वाचून दाखवलं असेल. ते एका मुलीच्या तोंडून असं बाहेर पडलं: "म्हंजे कुणीतरी ही पिशवीत घालून घाट चढून आलं." पिशवीत. मला फार आवडलं ते. तोवर माझ्या डोक्यात 'व्यापार' म्हणजे नकाशावरचे बाण होते.

शिशाच्या नाण्यांपाशी वेगळाच घोळ झाला. शिशाची म्हणजे पेन्सिलीच्या शिशाची का, यावर पाच मिनिटं गेली. कोल्हापूरच्या या जुन्या नाण्यांवर धनुष्यबाण आहे आणि ब्राह्मी लिपीत राजांची नावं आहेत: वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माठरीपुत्र सिवलकुर, गौतमीपुत्र विळिवायकुर. तिकडं टॉलेमी नावाच्या ग्रीक भूगोलकारानं दुसऱ्या शतकात हिप्पोकुरा नावाच्या नगरीतल्या बलेओकुरोस राजाची नोंद केली आहे, आणि तो हाच विळिवायकुर असावा असं अनेक अभ्यासक मानतात. मुलांना टॉलेमीचं काही पडलं नव्हतं. राजे आईच्या नावानं ओळखले जायचे, याचं मात्र नवल वाटलं. "म्हंजे मी सुनीतापुत्र," एकानं जाहीर केलं, आणि दुपारपर्यंत सगळी बस एकमेकांना आयांच्या नावानं हाका मारत होती. त्यात चार भांडणंही झाली.

म्युझियमबद्दल माझी एक तक्रार जुनीच आहे, आणि ती कुठल्या एका म्युझियमबद्दल नाही. कपाटात जे येतं ते मौल्यवान असतं किंवा देखणं असतं. मूर्ती, नाणं, मणी. ज्या माणसानं त्या टेकाडावर पहिल्यांदा तीन दगड मांडून चूल पेटवली, त्याचे ते तीन दगड कुठल्या कपाटात असणार? ते दगडच होते, दगडांत मिसळून गेले.

ब्रह्मपुरीवर आम्ही चालत चढलो. ज्यांचा फोन आला होता त्यांचा मुलगा सगळ्यांच्या पुढं, घरचा रस्ता दाखवावा तसा. हे नदीकाठचं टेकाड म्हणजे कोल्हापूरच्या सगळ्यात जुन्या वस्त्यांपैकी एक. ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, रंकाळा, पद्माळा, रावणेश्वर अशा सहा वस्त्या मिळून जुनं कोल्हापूर झालं असं सांगतात. १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी इथं रीतसर उत्खनन केलं. वरच्या थरांत बहमनी काळातली वस्ती निघाली, काचेच्या बांगड्यांचे तुकडे निघाले. त्याच्याही खाली सातवाहन काळातली, भाजक्या विटांची घरं.

म्हणजे एका घरावर दुसरं घर. मुलांना हे सांगताना मी हातावर हात ठेवून दाखवत होते, तेवढ्यात एकजण धापा टाकत आला. "बाई! सातवाहन!"

त्याच्या हातात खापराचा तुकडा. तांबडा, एका कडेला किंचित वळलेला. मी उलटा करून बघितला. आतल्या बाजूला पांढरा ऑइलपेंट. बाल्कनीतली तुळशीची कुंडी असणार, फार तर चार-पाच वर्षांपूर्वीची. सांगावं की नको? त्याचं तोंड बघून मी म्हटलं, चला, याला विचारू या. हे भाजलंय का? भाजलंय. कशावर फिरवलंय? चाकावर, रेषा दिसतात. कुणी वापरलं? फुटलं कसं? इथं का टाकलं? उत्खनन करणारे खापराला हेच प्रश्न विचारतात, फक्त ते तासभर कमी ओरडतात. मग एका हुशार मुलीला तो रंग दिसला आणि बिचाऱ्या सातवाहनाची दुपारपर्यंत यथेच्छ थट्टा झाली. खरं जुनं खापर सापडलं तर खिशात घालायचं नाही, असंही मी सांगितलं. जागचं हललं की त्याची गोष्ट तुटते.

वरून पंचगंगा दिसत होती, घाटावरची देवळं, शिवाजी पूल. मी विचारलं, पहिली माणसं या टेकाडावरच का राहिली असतील? एरवी असल्या प्रश्नाला वर्गात तीन हात वर होतात. इथं सगळेच एकदम ओरडले: "पूर!"

कोल्हापूरच्या पोरांना हे शिकवावं लागत नाही. पाढे येणार नाहीत, पण पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे झोपेतून उठवून विचारा. २०१९ आणि २०२१ चे पूर यांनी बघितलेत, काहींनी आईच्या कडेवरून. कुणाच्या घरात कितव्या पायरीपर्यंत पाणी आलं होतं, याची तिथल्या तिथं चढाओढ लागली. ती संपल्यावर कुणीतरी विचारलं, "बाई, त्यांना कळलं हुतं तर मग आपण का खाली ऱ्हातोय?"

मी घड्याळात बघितलं आणि डबे काढा म्हणाले.

डबे खाताना त्यांना गोष्ट हवी होती. मी इनामगावची सांगितली. शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या काठचं हे गाव. १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं डेक्कन कॉलेजनं तिथं उत्खनन केलं. साधारण इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती. कुडाची घरं, आधी चौकोनी आणि ऐसपैस. पुढं दिवस वाईट आले तेव्हाच्या थरात लहान, गोल खोपट्या. महाराष्ट्रातले पहिले शेतकरी म्हणतात ते हे.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण गोष्ट सांगताना माणूस वाहवत जातो. मी सांगितलं की तिथं माणसांना घराच्या जमिनीखालीच पुरायचे. लहान मूल गेलं तर दोन मातीचे रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि त्यात त्याला निजवायचे. मोठ्या माणसाचे पाय मात्र घोट्यापासून तोडलेले.

चपातीचा घास सेहेचाळीस तोंडांत थांबला.

"का ओ बाई?"

"मेलेला माणूस भूत होऊन घर सोडून निघून जाऊ नये म्हणून, असं अभ्यासक मानतात."

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एकजण म्हणाला, "आणि घरची माणसंच निघून गेली तर?" शेजारच्यानं त्याच्या डब्यातला लोणच्याचा तुकडा पळवला आणि विषय तिथंच संपला. त्यांचा. माझा नाही संपला.

कणेरीला पोचेपर्यंत दोन वाजले. गोकुळ शिरगावच्या बाजूनं आत वळलं की सिद्धगिरी मठ. तिथलं ग्रामजीवनाचं प्रदर्शन बहुतेकांनी बघितलेलं असतं. पाहुणे आले की कोल्हापूरकर त्यांना अंबाबाई, रंकाळा आणि कणेरी दाखवतात. सिमेंटमध्ये उभं केलेलं आख्खं गाव. मोट ओढणारे बैल, भात्यापाशी बसलेला लोहार, चाकावरचा कुंभार, दाढी करणारा न्हावी आणि डोळे मिटून बसलेलं त्याचं गिऱ्हाईक. माणसांच्या कपाळावरच्या शिरासुद्धा दिसतात. पहिल्यांदा बघणारा दचकतोच. मला त्या गावातली एकच गोष्ट खटकते: तिथं सगळे कामात आहेत. खरं गाव असं कधी नसतं. खऱ्या गावात निम्मी माणसं पारावर बसून उरलेल्या निम्म्यांच्या कामाला नावं ठेवत असतात. (कुणी तरी आहे म्हणे पारावर बसलेलं, शिपाईमामांनी मला नंतर दाखवलं. पण तो पंचायतीत होता, म्हणजे तोही कामातच.)

पोरांना बैल आवडले. पोरी जात्यावर दळणाऱ्या बायकांपाशी रेंगाळल्या. मी जातं कसं चालतं ते सांगायला लागले: खालची तळी बसलेली, वरची फिरती, मधल्या तोंडातून मुठीमुठीनं दाणे घालायचे, खुंटा धरून ओढायचं, दोघीजणी असल्या तर खुंटा एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जातो. टाकीवाला येऊन जात्याला टाकी लावून जायचा, नाहीतर पीठ सरसरीत पडायचं.

पुढं उभी असलेली एक मुलगी एकदम म्हणाली, "ह्ये आमच्या दारात हाय."

"जातं? दळता अजून?"

"न्हाय. पायरी हाय ती."

एक-दोघी हसल्या. मी विचारलं, "कुठं राहतेस गं तू?" वर्षभर ही मुलगी माझ्या वर्गात आहे. एसटीनं येते, शेवटचा तास संपायच्या आत तिची चुळबुळ सुरू होते, एवढंच मला माहीत होतं.

"वसाहतीत," ती म्हणाली. आणि तो शब्द म्हणताना तिचा आवाज जो उतरला, तो मी ओळखला. त्या आवाजात हा शब्द मी शाळेची सगळी वर्षं म्हटला होता.

बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्या जिल्ह्यात 'वसाहत' म्हटलं की कुणाला पाठ्यपुस्तकातली वसाहत आठवत नाही. धरणग्रस्तांना लाभक्षेत्रात प्लॉट पाडून जिथं बसवलं, ती वसाहत. पश्चिमेकडच्या डोंगरात धरणं झाली, पाणी पूर्वेच्या काळ्या रानाला मिळालं, आणि पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसं त्या काळ्या रानाच्या कडेला येऊन राहिली. आमचं गाव त्यातलंच एक. लग्नानंतर आडनाव बदललं, कोल्हापुरात फ्लॅट झाला, आणि मी कुठली हे विचारायचं कुणाला कारण उरलं नाही. मीही आपण होऊन कधी सांगितलं नाही. वर्गात 'निवाऱ्यापासून गाव-वसाहतीपर्यंत' शिकवताना हा शब्द पंधरा वर्षं माझ्या तोंडून गेला, आणि एकदाही माझी जीभ अडखळली नाही. याचंच आता नवल वाटतं.

१९८६ चा मे महिना. मी पाच वर्षांची. आठवतं ते तुटक. घर उतरवताना आधी कौलं काढली, आणि आजवर ज्या घरात दुपारीही अंधार असायचा तिथं लख्ख ऊन पडलं. चुलीमागची भिंत किती काळी आहे हे तेव्हा सगळ्यांना दिसलं, आणि आई लाजून ती भिंत पुसायला लागली. पाडायला काढलेल्या घराची भिंत. तुळया, वासे, दारं, चौकट, जातं, उखळ, देव्हारा, कोंबड्यांचं खुराडं, सगळं एका ट्रकात.

आज्जीची दोन मुलं अगदी तान्ही असताना गेली होती. त्यांना परसात पुरलं होतं, तिथं कर्दळीचं बेट होतं. गाव सोडताना लोकांनी देवाला नारळ फोडले, बायका उंबऱ्याला मिठी मारून रडल्या. आज्जीनं तसलं काही केलं नाही. भांडी घासलेलं पाणी तिनं नेहमीसारखं कर्दळीच्या बुडात ओतलं, हात पदराला पुसले आणि ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली. इनामगावचे ते तोंडाला तोंड लावलेले रांजण मी कॉलेजात असताना पहिल्यांदा फोटोत बघितले. पुढचं पान मला वाचता आलं नव्हतं.

नव्या जागी काय होतं? फक्कीनं आखलेले चौकोन. प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात दगड आणि दगडावर रंगानं आकडा. आमचा एकसष्ट. 'हितंच थांबायचं' हे आम्हाला कळलं ते असं: कचेरीतल्या यादीत आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, नावापुढं एकसष्ट होता. यादी करणाऱ्यानं वारा कुठून येतो ते बघितलं नव्हतं, पाणी कुठं साठतं ते बघितलं नव्हतं. पत्र्याची शेडं एका रांगेत, सगळ्यांची दारं पश्चिमेला. जूनमध्ये पहिला वळीव नव्हे, खरा पाऊस आला आणि रांगेतल्या सगळ्या घरांत एकाच वेळी शिरला.

डोंगरात आमचा पाऊस चार महिन्यांचा, आणि तिथं घरं कोरडी राहायची. कारण तिथं कुठल्या बाजूला पाखं उतरवायचं, कुठं चर मारायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेलं. इथं पाऊस निम्म्यानंही नव्हता आणि आम्ही भिजत होतो. पहिल्या वर्षात आमची चूल तीनदा हलली. आधी दाराजवळ, तर धूर सगळा आत. मग मागच्या कोपऱ्यात, तर ओल वर आली. काळी माती, पाणी धरून ठेवते. सारवलेली जमीन तांबड्या मातीची सवय असलेल्या हातांना दाद देईना. वाळली की भेगा, एवढ्या की माझी गोटी त्यात जायची. शेवटी आण्णांनी कुठून तरी दोन बैलगाड्या मुरूम आणून आत टाकला, धुमसानं ठोकला, तेव्हा तिसऱ्यांदा चूल बसली ती बसली. आज तिथं स्लॅबचं घर आहे आणि गॅसची शेगडी बरोबर त्याच कोपऱ्यात आहे. का, ते वहिनीला माहीत नाही. स्वयंपाकघर तिथंच, एवढंच तिला माहीत.

पाणी प्यायला मचूळ. बायका शेजारच्या मूळ गावात जायच्या, तिथल्या विहिरीवर 'धरणवाल्या आल्या' म्हणून रहाटाचा दोर काढून ठेवलेला असायचा. कधी काढलेलाही नसायचा. तसलीही माणसं होती, त्यांतल्या एका काकूंच्या घरचं ताक पिऊन मी वाढले. भात आणि नाचणी पिकवणाऱ्या माणसांना ऊस लावायला शिकावं लागलं. पहिली लागण कुणी तरी हसून बघितलेली आण्णांना अजून आठवते. गिरणी आली, जातं बंद पडलं. पावसाळ्यात दारात चिखल व्हायचा, म्हणून वरची तळी चिखलात आडवी टाकली. मधल्या तोंडात आता पावसाचं पाणी साचतं आणि कोंबड्या त्यात चोच घालतात. चाळीस वर्षं होत आली. दगडाची जी बाजू दाण्यांनी घासली जायची ती खाली आहे, आणि वरची बाजू आमच्या पायांनी गुळगुळीत झाली आहे.

हे सगळं मी कणेरीला सिमेंटच्या बायकांपुढं उभी राहून त्या मुलीला सांगितलं, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. नाही सांगितलं. पोरांना कुल्फी हवी होती, एकाची चप्पल हरवली होती, एक रडत होती कारण तिला कुणी तरी पुन्हा तिच्या आईच्या नावानं हाक मारली होती.

परतताना बसमध्ये ती पुढच्या सीटवर एकटी बसली होती, बस लागते म्हणून. मी शेजारी जाऊन बसले. बाहेर कुठल्या तरी गुऱ्हाळाचा धूर उभा होता.

म्हटलं, "आमच्या पण दारात आहे. जात्याची पायरी."

तिनं माझ्याकडं बघितलं. बाईंची थट्टा की काय याचा अंदाज घेत होती. मग एकदम, एखाद्या मोठ्या बाईसारखं विचारलं, "कितवा प्लॉट?"

"एकसष्ट."

"आमचा अठ्ठावीस." धरण वेगळं, वसाहत वेगळी, पण ओळख पटली. मग शाळा येईपर्यंत तीच बोलत होती. त्यांच्या आजोबांनी जुन्या घराची चौकट आणली होती, पण शेडाला ती उंच झाली, म्हणून तिचे पाय कापले. आता ते दार आहे तिथं वाकून जावं लागतं. "पाहुण्यांचं डोस्कं आपटतंय," ती म्हणाली, "आमचं न्हाय आपटत."

रात्री आण्णांना फोन केला. ते आता थकलेत, पण मे महिन्यात धरणाचं पाणी खाली गेलं की अजून देवळाचा चौथरा बघायला जाऊन येतात. मी त्यांना सहलीचं सांगितलं. पोसायडनचं ऐकून त्यांनी "बरं" म्हटलं. ब्रह्मपुरीच्या विटांचं ऐकून विटा केवढ्या होत्या ते विचारलं. मग मी त्या मुलाचा प्रश्न जरा बदलून त्यांच्यापुढं ठेवला.

"आण्णा, आपण आलो त्या पहिल्या रात्री काय केलंत?"

"काय करायचं? चिमणी लावली."

"आणि?"

"आणि काय, ठेवायची कुठं त्येच कळंना. पत्र्याला कोनाडा कुटला? मी हिकडं बघतोय, तुझी आई तिकडं बघतीया. जमिनीवर ठेवली तर पोरं हायत. शेवटी आज्जी म्हणाली, जात्यावर ठेवा."

"मग?"

"मग तू लाथ मारलीस झोपंत. समदं रॉकेल जात्यात." ते हसायला लागले, आणि हसता हसता खोकला आला. "आठ दिस भाकरीला वास येत हुता. आज्जी कुणाला बोलू दीना. गप खावा म्हणायची."